चित्रशाळेची विद्याशाळा

नेवासे तालुक्यातील शनिशिंगणापूर हे गाव ज्या गोष्टीमुळे देशभर ठाऊक झाले, ती वास्तुशास्त्राच्या कोणत्याही ग्रंथात सापडावयाची नाही. या गावी देवाला देऊळ नाही. शनिदेवाची काळी शिळा उघड्या चौथऱ्यावर ऊन-पाऊस अंगावर घेत उभी आहे. गावच्या घरांना, परंपरेप्रमाणे, दाराची चौकट आहे, परंतु कवाड नाही. खुद्द शनिदेव राखणीस असता कडी-कुलूप घालणे म्हणजे त्याच्यावर अविश्वास दाखविणे, अशी ग्रामस्थांची श्रद्धा. २०११ साली तेथे युको बँकेची शाखा उघडली तेव्हा पेढीचा व्यवहार आणि गावचा रिवाज यांचा मेळ घालणे भाग पडले. मग दार बसले, पण ते काचेचे. आणि डोळ्यांस दिसेल असे कुलूप काही त्यास घातले गेले नाही. इमारत नव्या कामाची असो वा जुन्या, तिला ज्या गावात उभे राहावयाचे त्या गावाशी तडजोड करावीच लागते, ती अशी.

तालुक्याच्या गावी, नेवाशास, याहून जुने उदाहरण आहे. ज्या खांबास टेकून ज्ञानेश्वरांनी गीतेवरील टीका सांगितली असे मानतात, तो पैसाचा खांब तेथे उभा आहे. त्यावर शिलालेख आहे. म्हणजे तो खांब मुळात दुसऱ्याच देवळाचा. ते देऊळ काळाच्या ओघात नाहीसे झाले, खांब तेवढा उरला, आणि पुढे त्या उरलेल्या खांबाभोवती ज्ञानेश्वरांचे मंदिर झाले. जुन्या वास्तूचा एक अवयव नव्या वास्तूचा गाभारा बनला. लोकांनी हे कोणत्याही समितीच्या शिफारशीवाचून केले.

सातशे वर्षांच्या खांबाविषयी आदर उत्पन्न होण्यास फारसे कष्ट पडत नाहीत. किल्ला, लेणे, हेमाडपंती देऊळ यांच्यापुढे अडाणी मनुष्यही चपला काढतो. अडचण येते ती विसाव्या शतकातील इमारतींची. त्या पूज्य ठराव्या इतक्या जुन्या नाहीत, आणि सोयीच्या वाटाव्या इतक्या नव्याही नाहीत. गिरणी, नाट्यगृह, आगगाडीचे स्थानक, वीजघर, बोलपटांचा स्टुडिओ या सर्व वास्तू विशिष्ट कामासाठी बांधलेल्या. ते काम संपले की त्यांचा उपयोग काय, हा प्रश्न मालकापुढे उभा राहतो, आणि शहरातील जमिनीचा भाव त्याचे उत्तर बहुधा आधीच देऊन ठेवतो. महाराष्ट्रात या प्रश्नाचे एक उत्तर निराळे निघाले. ते पुण्याच्या प्रभात स्टुडिओचे.

ज्ञानेश्वरीच्या या मुलुखाचा त्या स्टुडिओशी संबंध नाही असेही नाही. १९४० साली प्रभातने ‘संत ज्ञानेश्वर’ हा बोलपट काढला. त्यातील ज्ञानेश्वर झालेले शाहू मोडक हे नगरचे, म्हणजे २०२४ पासून ज्यास अहिल्यानगर म्हणतात त्या अहमदनगरचे, जन्माने ख्रिस्ती. नेवाशाच्या ज्ञानेश्वरांचे रूप त्याच जिल्ह्यातील एका ख्रिस्ती घराण्यातील नटाने पडद्यावर उभे केले आणि वारकऱ्यांनी ते भक्तिभावाने पाहिले, ही गोष्ट आज मुद्दाम आठवण्यासारखी आहे. चांगदेवाच्या भेटीस निघालेली ती सुप्रसिद्ध भिंत दिग्दर्शक दामले आणि फत्तेलाल यांच्या चित्रपटात चालली, ती या स्टुडिओच्या करामतीने.

प्रभात फिल्म कंपनीचा जन्म मात्र पुण्याचा नव्हे. १ जून १९२९ रोजी कोल्हापुरास विष्णुपंत दामले, साहेबमामा फत्तेलाल, व्ही. शांताराम आणि केशवराव धायबर या चौघांनी सीतारामपंत कुलकर्णी यांच्या द्रव्यसाहाय्याने ती स्थापन केली. चौघेही बाबूराव पेंटर यांच्या महाराष्ट्र फिल्म कंपनीत तयार झालेले. हाताने काम करण्याची त्यांस लाज नव्हती. पडदे रंगविणे, यंत्र उघडून दुरुस्त करणे, नेपथ्य उभारणे हे सर्व त्यांनी केले होते. मूकपटांनी आरंभ करून १९३२ साली ‘अयोध्येचा राजा’ हा मराठीतील पहिला बोलपट त्यांनी दिला. बोलपट आला आणि स्टुडिओची कल्पनाच पालटली. मूकपटाला उजेड हवा असे. आकाशाखाली, फार तर पांढऱ्या कापडाच्या आडोशाने, त्याचे काम भागे. चित्रण चालू असता कोणी हाक मारली किंवा कुत्रे भुंकले तरी बिघडत नसे. बोलपटाला प्रथम शांतता हवी. त्यासाठी चारही बाजूंनी बंद, खिडक्या नसलेले, भिंतींनी आवाज गिळून टाकावा असे विस्तीर्ण दालन लागते, आणि दार लावले की बाहेरचे जग तुटले पाहिजे. शिंगणापूरच्या घरांच्या अगदी उलट अशी ही वास्तू: तेथे दार नाही हा अभिमान, येथे दार घट्ट बसते की नाही यावर सर्व भिस्त.

अशा वास्तूस पुरेशी मोकळी जागा कंपनीने पुण्यास पाहिली आणि १९३३ साली ती तेथे आली. तो भाग त्या वेळी गावाबाहेरचा होता. आज ज्या रस्त्याला प्रभात रस्ता म्हणतात त्याचे नाव या कंपनीवरून पडले. कंपनी गेली, नाव राहिले, आणि त्या रस्त्यावर राहणाऱ्या पुष्कळांस ते पहाटेवरून पडले असावे असे वाटते. पुण्याच्या स्टुडिओतला पहिला बोलपट ‘अमृतमंथन’ १९३४ चा. राजगुरूच्या भूमिकेतील चंद्रमोहन यांचा एक डोळा पडदाभर दाखवून त्यात प्रेक्षकांस जे भय घातले, त्याची चर्चा पुढे कित्येक वर्षे चालली. मग ‘संत तुकाराम’ (१९३६), ‘कुंकू’ (१९३७), ‘माणूस’ (१९३९), ‘शेजारी’ (१९४१), ‘रामशास्त्री’ (१९४४) अशी मालिकाच लागली. ‘संत तुकाराम’चा १९३७ साली व्हेनिस येथील महोत्सवात गौरव झाला. विष्णुपंत पागनीस यांचा तुकोबा तर लोकांनी डोक्यावर घेतलाच, पण कंपनीत किरकोळ कामे करणाऱ्या गौरी यांनी जी आवली उभी केली तिला तोड नाही. नामांकित नटी न शोधता घरच्याच माणसातून आवली काढणे, ही त्या स्टुडिओची रीत होती. नट, सुतार, रंगारी, शिंपी, यंत्रज्ञ सारे मासिक पगारावर. सकाळी कामावर यावयाचे आणि मालकांनीही त्यांच्याबरोबर राबावयाचे. कारखाना म्हणा, नाटक मंडळीचा बिऱ्हाडखाना म्हणा, दोहोंचे गुण त्यात होते.

उतरणही फार लांब नव्हती. धायबर आधीच निघून गेले होते. १९४२ साली शांताराम बाहेर पडले आणि मुंबईस परळ येथे त्यांनी राजकमल कलामंदिर काढले. तीही जागा जुनीच, हे येथे नमूद करण्यासारखे आहे: वाडिया मूव्हिटोनचा स्टुडिओ जेथे होता ती वाडिया घराण्याची वडिलोपार्जित हवेली. जहाजे बांधणाऱ्या घराण्याच्या वाड्यात प्रथम साहसपट निघाले, मग शांतारामांचे चित्रपट. १९४५ साली दामले निवर्तले. त्यातच युद्धकाळाने धंद्याचे गणित फिरविले. कच्च्या फिल्मवर सरकारी नियंत्रण आले. काळ्या बाजारात गबर झालेला पैसा चित्रधंद्यात शिरला. एकेका चित्रापुरते नट मोठ्या रकमा देऊन पळविले जाऊ लागले. बारमाही पगार देणाऱ्या कंपनीला हा मामला परवडणारा नव्हता. शेवटच्या वर्षांतही तेथे माणसे घडत होती. देव आनंद यांचा पहिला चित्रपट ‘हम एक हैं’ (१९४६) प्रभातचा. गुरुदत्त तेथेच नृत्यदिग्दर्शनाच्या कामावर होते. धोब्याकडून कपड्यांची अदलाबदल होऊन दोघांची ओळख झाली, अशी हकीकत सांगतात. परंतु भावी काळातील कीर्तीवर चालू महिन्याचा पगार भागत नाही. १९५३ मध्ये कंपनी बंद पडली आणि मालमत्तेवर लिलावाची पाळी आली.

येथवरची कथा इतर अनेक स्टुडिओंच्या कथेसारखीच आहे. मालाडचा बॉम्बे टॉकीजचा स्टुडिओ असाच बंद पडला. त्याच्या आवारात पुढे लहानसहान कारखाने शिरले आणि मूळ वास्तू पडीक झाली. कोल्हापूरच्या जयप्रभा स्टुडिओस गांधीहत्येनंतरच्या १९४८ च्या जाळपोळीची झळ लागली, आणि पुढे त्याच्या जमिनीच्या विक्रीवरून कोल्हापूरकरांस रस्त्यावर यावे लागले. चेंबूरचा आर. के. स्टुडिओ २०१७ साली आगीत सापडला; २०१९ मध्ये ती जागा घरे बांधणाऱ्या कंपनीस विकली गेली. यात कोणाचा दोष काढणे सोपे, पण फारसे न्याय्य नाही. तोट्यातला स्टुडिओ केवळ स्मारक म्हणून सांभाळ, असे एखाद्या कुटुंबास सांगणाऱ्या समाजाने त्याच्या खर्चाचा वाटा उचलण्याची तयारी ठेवावयास हवी. ती बहुधा नसते.

प्रभातच्या जागेचे नशीब फिरले ते एका अहवालामुळे. स्वातंत्र्यानंतर १९४९ साली सरकारने चित्रधंद्याच्या चौकशीसाठी स. का. पाटील यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. समितीने १९५१ साली अहवाल दिला. त्यात चित्रपटकलेचे शिक्षण देणारी संस्था काढावी अशी सूचना होती. अहवाल लिहिणे आणि अमलात आणणे यांत नऊ वर्षे गेली, हे आपल्या कारभाराच्या मानाने फार नव्हे. १९६० साली केंद्र सरकारने फिल्म इन्स्टिट्यूट ऑफ इंडिया स्थापन केली आणि तिच्यासाठी जागा निवडली ती प्रभात स्टुडिओची.

ही निवड किती शहाणपणाची होती हे तिच्याकडे यंत्रज्ञाच्या नजरेने पाहिल्यास कळते. खिडक्या नसलेले प्रचंड दालन कशाच्या उपयोगी? तेथे शाळेचे नेहमीचे वर्ग बसवावयाचे तर भिंती फोडून उजेड आणावा लागेल. इस्पितळ काढावयाचे तर हवा आणावी लागेल. बिऱ्हाडे करावयाची तर आडव्या तक्तपोशी घालून ती उंची कापावी लागेल. प्रत्येक वेळी वास्तूचा जो विशेष तोच दोष ठरून त्याच्यावर पहिला घाव पडावयाचा. धान्याचे कोठार तेवढे फारशी मोडतोड न करता झाले असते! पण ज्यांना चित्रपट करावयास शिकवावयाचे त्यांना नेमके हेच दालन हवे होते: तीच शांतता, तोच अंधार, दिवे टांगण्यास तीच उंची. म्हणून येथे वास्तूचा उपयोग बदलला, परंतु धर्म बदलला नाही. धंदा गेला आणि विद्या आली. जेथे पगारी कारागीर उमेदवारी करून शिकत होते, तेथे विद्यार्थी अभ्यासक्रमाने शिकू लागले.

योगायोग असा की संस्थेचे पहिले प्राचार्य गजानन जागीरदार झाले. प्रभातच्या ‘रामशास्त्री’त पेशव्यांस देहान्त प्रायश्चित्त सांगणारे न्यायाधीश ते हेच. त्याच आवारात ते पुनः आले, ते शिक्षक म्हणून. १९६५ च्या सुमारास ऋत्विक घटक उपप्राचार्य होते. आवारातील ज्या आंब्याखाली गुरुशिष्यांच्या बैठका होत त्याला विद्यार्थी आजही ज्ञानवृक्ष म्हणतात. अदूर गोपालकृष्णन, मणी कौल, कुमार शहानी, जया भादुरी, शबाना आझमी, नसीरुद्दीन शाह, ओम पुरी ही सर्व मंडळी येथून बाहेर पडली. ध्वनिमुद्रणासाठी २००९ साली ऑस्कर मिळविणारे रसूल पूकुट्टी हेही येथलेच. दामल्यांनी प्रभातच्या बोलपटांचा आवाज टिपला, त्याच जागी शिकलेल्या विद्यार्थ्याने आवाजाच्याच कामासाठी जगाचे पारितोषिक घ्यावे, ही परंपरा ओढूनताणून जुळविलेली नाही. १९७४ मध्ये दूरचित्रवाणीचे शिक्षणही दिल्लीहून येथे आले आणि नावात ‘टेलिव्हिजन’ची भर पडली.

इतर ठिकाणी काय झाले ते ताडून पाहावे. मुंबईचा सर कावसजी जहांगीर हॉल १९११ चा. गेटवे ऑफ इंडियाचे शिल्पकार जॉर्ज विटेट यांनीच तो योजिला. संगीताच्या मैफली आणि सभा यांसाठी तो बांधलेला. नव्या सभागृहांपुढे तो मागे पडला. मग तेथे लग्नसमारंभ आणि विक्रीचे जलसेही होऊ लागले. अखेर दीर्घकाळ काम चालून १९९६ साली तेथे राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालय सुरू झाले. बाहेरची दगडी वास्तू जशीच्या तशी राहिली. आत मात्र मजल्यामागून मजले चढत जाणारी दालने झाली. चित्रांस उत्तम घर मिळाले यात संशय नाही, परंतु जुन्या मैफलीचा श्रोता आज आत गेला तर आपण कोठे बसत होतो हे त्याला सांगता यावयाचे नाही. कवच वाचले, पोकळी गेली. आणि सभागृहात पोकळी हीच खरी वास्तू असते.

पॅरिसमध्ये ओर्से येथे १९०० साली आगगाडीचे भव्य स्थानक बांधले. विजेच्या गाड्या लांबल्या आणि फलाट अपुरे पडले. १९३९ च्या सुमारास दूरच्या गाड्या बंद झाल्या. ओसाड पडलेल्या त्या स्थानकात १९६२ साली ऑर्सन वेल्स यांनी ‘द ट्रायल’चे चित्रण केले, आणि १९८६ मध्ये तेथे कलासंग्रहालय उघडले. लंडनचे बँकसाइड वीजघर १९८१ मध्ये बंद झाले. २००० सालापासून ते टेट मॉडर्न आहे. तेथील टर्बाइनांचे दालन मोकळेच ठेवण्याचा शहाणपणा शिल्पज्ञांनी दाखविला. आणि आपल्या मुंबईच्या गिरण्या? १९८२ च्या संपात सुमारे अडीच लाख कामगार उतरले. त्यानंतर कित्येक गिरण्यांचे भोंगे कायमचे थांबले. १९०५ च्या फिनिक्स मिलच्या आवारात आज मोठी बाजारपेठ आहे आणि तिचे धुराडे जपून ठेवलेले आहे. धुराडे जपले हे चांगलेच झाले. पण त्या धुराड्याखाली राबणाऱ्यांच्या मुलांस तेथे कोणते स्थान मिळाले, हा प्रश्न वास्तुरक्षणाच्या चर्चेतून सोयीने गाळला जातो. प्रभातचा कारागीरही १९५३ साली बेकारच झाला. विद्याशाळा येण्यास त्यापुढे सात वर्षे लागली, हे विसरून केवळ धन्यता मानणे योग्य नव्हे.

दुसरीही एक जखम या आवारात आहे. चित्रपटांचा राष्ट्रीय संग्रह १९६४ साली पुण्यातच स्थापन झाला, पी. के. नायर यांनी गावोगाव हिंडून जुनी रिळे मिळविली. लॉ कॉलेज रस्त्यावरील बॅ. मुकुंदराव जयकर यांचा बंगला पुढे या संग्रहाच्या उपयोगी आला, आणि एका विद्वान गृहस्थाचे घर चित्रपटांच्या अभ्यासाचे स्थान झाले. तथापि संग्रहातील नायट्रेट फिल्मचा साठा स्टुडिओच्या आवारातील कोठारात होता. १९५१ च्या सुमारापर्यंत जगभर वापरात असलेली ही फिल्म फार ज्वालाग्राही. पेटली की तिच्यातूनच प्राणवायू निघतो, आणि पाण्यानेही ती विझत नाही. ८ जानेवारी २००३ रोजी त्या कोठारास आग लागली आणि मूकपटांच्या व आरंभीच्या बोलपटांच्या शेकडो दुर्मिळ रिळांची राख झाली. इमारत राखली म्हणजे तिच्यातला ठेवा आपोआप सुरक्षित राहतो, ही समजूत त्या दिवशी जळाली. वास्तू नव्या कामास लावावयाची तर तिच्या भिंतींइतकेच तिच्यात काय ठेवावयाचे आणि काय ठेवावयाचे नाही, हेही ठरवावे लागते.

प्रभातचे दुसरे अपत्य पुणे शहरात अप्पा बळवंत चौकाजवळ होते. १९३४ साली किबे यांनी बांधलेले ते चित्रगृह प्रभात टॉकीज या नावाने ऐंशी वर्षे चालले. २०१४ साली भाडेपट्ट्याची मुदत सरून ते किबे घराण्याकडे परत गेले आणि त्याचे नाव किबे लक्ष्मी थिएटर झाले. वास्तू तीच, उपयोगही तोच, नाव तेवढे पालटले. पुष्कळ पुणेकरांच्या तोंडी मात्र अजून प्रभातच आहे.

स्टुडिओची मोठी दालने आज वारसा म्हणून गणली जातात, आणि त्यांत कामही चालते. बांधल्यापासून आजतागायत चित्रीकरण होत असलेल्या जगातील जुन्या स्टुडिओंत त्यांची गणना होते. आवारातच प्रभातचे वस्तुसंग्रहालय आहे. तेथे कंपनीची यंत्रे, पोशाख आणि नेपथ्याचे सामान मांडून ठेवले आहे. संग्रहालयातला पोशाख पाहून पाहुणा बाहेर येतो तेव्हा पलीकडच्या दालनात विद्यार्थी फळ्या ठोकून भिंत उभी करीत असतात. ती चित्रणापुरती. काम झाले की ती पाडतात, आणि जागा पुढच्या विद्यार्थ्यासाठी मोकळी होते.